आजारी लेकरू घरी ठेवा, पण त्याचं नाव कापू नका

या पानाची बैठक महिन्यातून एकदा विहाराच्या ओट्यावर भरते. एक निवृत्त परिचारिका, एक अंगणवाडी सेविका, जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी आणि दोन आया, इतकेच आम्ही. दोन्ही आयांची लेकरं थेरपीला जातात. एकीचा मुलगा सीपीचा, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेला. दुसरीची मुलगी उशिरा बोलू लागली म्हणून तिला स्पीच थेरपी. मागच्या बैठकीत डेंग्यूवर लिहायचं ठरत होतं. पण सीपीच्या मुलाची आई त्या दिवशी उशिरा आली आणि बसता बसताच म्हणाली, "माझ्यामुळे तीन पोरं आजारी पडली." मग डेंग्यू राहून गेला.

घडलं ते असं. तिचं गाव तळोदा तालुक्यात. थेरपी आठवड्यातून दोनदा, शहरातल्या एका केंद्रात. कोणतं केंद्र ते इथे लिहीत नाही, कारण तसा नियम एकाच ठिकाणी असतो असं नाही. नियम हा, की लागोपाठ तीन वेळा आला नाहीत तर नाव कापलं जाईल आणि पुन्हा यादीच्या शेवटी उभं राहावं लागेल. हिच्या दोन खेपा आधीच बुडाल्या होत्या. एकदा पावसाने रस्ता बंद, एकदा निंदणीचं काम सोडता आलं नाही. तिसऱ्या खेपेला पहाटे चार वाजता मुलाचं अंग तापलेलं. सासूबाई म्हणाल्या, आज नको नेऊ. ती म्हणाली, "पोऱ्याले ताप शे, ते मालेबी दिसस. पन नाव कटी जाई ना!" तिने तापाचं सायरप पाजलं, मुलाला शालीत गुंडाळलं आणि पहिली एसटी धरली.

साडेनऊला थेरपीच्या खोलीत मुलगा शांत पडून होता. अंग गार. थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, आज हा आळस करतोय. त्याच गादीवर, त्याच मोठ्या चेंडूवर त्या सकाळी आणखी चार मुलं होती. परतीच्या गाडीत ताप पुन्हा चढला आणि दुसऱ्या दिवशी छातीवर पाण्याचे फोड दिसले. कांजिण्या. पुढच्या तीन आठवड्यांत त्या चारपैकी तिघांना त्या निघाल्या. त्यातल्या एका मुलीला आधीच फिट्स येतात. तापात तिला फिट आली आणि आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं.

"चूक माझीच," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आम्ही तिची चूक नाकारत नाही. ताप दाबून लेकरू न्यायला नको होतं. पण ज्या नियमाने तिला पहाटे चार वाजता तो हिशेब करायला लावला, त्या नियमाचा वाटा कोण उचलणार? आमचं मत दोन वाक्यांचं आहे आणि ती दोन्ही वाक्यं एकत्रच खरी आहेत. आजारी लेकराला थेरपीला नेऊ नये. आणि आजारपणाने खेप बुडाली म्हणून कुणाचंही नाव कापू नये. पहिलं वाक्य केंद्रं सांगतात, भिंतीवर लावतात. दुसरं सांगत नाहीत.

आधी पहिल्या वाक्याचं बघू, कारण ते आपल्या हातात आहे.

थेरपीची खोली ही शाळेच्या वर्गासारखी नसते. तिथे मुलं गादीवर लोळतात. तीच खेळणी तोंडात घालतात. फिजिओ एका मुलाचे पाय ताणतात आणि त्याच हातांनी दुसऱ्याची मान सावरतात. स्पीचच्या ताई तर थेट तोंडाशीच काम करतात, ओठ, जीभ, लाळ. आणि तिथे येणारी मुलं कोण? सीपीच्या कित्येक मुलांना नीट गिळता येत नाही, जोर लावून खोकता येत नाही, म्हणून साधी सर्दी छातीत उतरून न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या हृदयात जन्मापासून दोष असतो. फिट्सच्या मुलांना ताप हाच धोका. त्यात आपल्या जिल्ह्यात वजनाने कमी भरणारी मुलं किती, हे अंगणवाडीचं रजिस्टर बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको. धडधाकट पोराला चार दिवस लोळवणारा आजार यांना दवाखान्यात पोहोचवतो.

शिवाय तापात केलेली थेरपी कामाचीही नसते. सीपीच्या मुलाचे स्नायू दुखण्यात, तापात आणखी ताठतात. तशात ताण दिला की ते किंचाळतं, आणि पुढच्या खेपेला खोली बघूनच रडायला लागतं. एक खेप वाचवायला जाऊन पुढच्या चार बिघडतात.

मग कधी घरी ठेवायचं? आमच्या परिचारिका ताईंनी सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढली. त्यांचं पहिलं बोट थर्मामीटरवर. हात लावून ताप बघू नका, मोजा. १००.४ किंवा त्याच्या वर असेल तर थेरपी नाही. आणि ताप उतरला म्हणजे कधी उतरला? तापाचं औषध न देता पूर्ण चोवीस तास अंग गार राहिलं तर उतरला. पॅरासिटामॉलचा जोर चार ते सहा तास टिकतो. पहाटे पाजलं तर साडेनऊला अंग गारच लागणार, आणि दुपारी एसटीत तो परत चढणार. त्या सायरपाने ताप झाकला जातो, आजार आणि त्याची लागण तशीच राहते. सायरप देऊ नका असं नाही. लेकराला बरं वाटावं म्हणून द्या, वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं. दारातून आत घेतील म्हणून देऊ नका.

उलटी-जुलाबाचं तसंच. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पातळ होत असेल तर ते जुलाब. शेवटची उलटी, शेवटचा जुलाब झाल्यावर अठ्ठेचाळीस तास जाऊ द्या. त्या काळात ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या. झिंक चौदा दिवस पूर्ण द्यायचं, दोन दिवसांत जुलाब थांबले म्हणून सोडायचं नाही. दोन्ही आशाताईंकडे, उपकेंद्रात फुकट मिळतात. अंगावर पिणाऱ्याचं दूध बंद करू नका.

अंगावर पुरळ आणि सोबत ताप असेल तर दवाखान्यात दाखवल्याशिवाय कुठेच नेऊ नका, थेरपीला नाही, शाळेला नाही, विहारातल्या रविवारच्या मुलांच्या वर्गालाही नाही. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस मूल इतरांना तो देऊ शकतं. उठण्याच्या आधीचे चार दिवसही देतं, पण ते आपल्याला कळत नाही. गोवराचा विषाणू खोलीच्या हवेत मूल निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे "आमचं पोर एका कोपऱ्यात बसेल" याला अर्थ नाही. २०२२ च्या अखेरीला मुंबईत गोवंडीकडे, भिवंडीत गोवराने लहान मुलं दगावली, ते लक्षात असेल. लसीचे दोन डोस, नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक आणि दीड वर्षाच्या आसपास दुसरा. ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेल्या घरांत दुसरा डोस हटकून राहून जातो. कांजिण्या असतील तर सगळे फोड सुकून खपली धरेपर्यंत घरी, साधारण आठवडाभर. कांजिण्यांत ॲस्पिरिन कधीही देऊ नका.

जाता जाता एक सांगतो. गोवर-कांजिण्यांना अजूनही आपल्या काही घरांत "माता आली" म्हणतात. लेकराला वेगळ्या खोलीत ठेवायचं, लोकांत न्यायचं नाही, ही त्या जुन्या रीतीतली एकच गोष्ट शहाणपणाची होती. दवाखान्यात न्यायचं नाही, औषध द्यायचं नाही, ही मात्र लेकरं मारणारी. शहाणपण ठेवा, माता सोडा.

डोळे आले असतील, चिपडांनी पापण्या चिकटत असतील, तर पाणी आणि चिपडं थांबेपर्यंत घरी. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते, तेव्हा ते किती झपाट्याने पसरतं ते सगळ्यांनी पाहिलं. गालफुगीत सूज आल्यापासून पाच दिवस. डांग्या खोकल्याला औषध सुरू होऊन पाच दिवस होईपर्यंत. खरजेला मलम एकदा नीट, मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं आणि कपडे-अंथरुणं गरम पाण्यात धुतली की दुसऱ्या दिवशी जायला हरकत नाही.

हे झालं मोजता येणारं. पण थेरपीला जाणारी कित्येक लेकरं बोलत नाहीत. डोकं दुखतं, कान ठणकतो, घशाला टोचतं, हे सांगणार कोण? तिथे आईची नजर हेच थर्मामीटर. रोज चमच्याने अर्धी वाटी खिचडी खाणारं मूल आज तोंड फिरवतं. रोज हसतं ते आज भिंतीकडे बघतं. हात-पाय नेहमीपेक्षा ताठ, झोप जास्त, फिट्स वाढलेल्या. आमच्या त्या आईच्या शब्दांत सांगायचं तर "आज हे माझं रोजचं पोर नाही". ताप नसला तरी ते कारण पुरेसं आहे. आणि फिट्सचं औषध आजारपणात एक वेळही चुकवू नका. गोळी दिल्याबरोबर उलटून पडली तर काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना आजच, लेकरू बरं असतानाच विचारून ठेवा.

आता उलट बाजू. "घरी ठेवा" हा सल्ला काही वेळा जीवघेणा ठरतो, म्हणून तो अर्धवट ऐकू नका. मूल काही पीतच नसेल, पोटात घातलेलं सगळं उलटून टाकत असेल, फिट आली असेल, गुंगीत असेल, उठवून उठत नसेल, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर ते घरात ठेवायचं नाही. थेरपीलाही नाही. थेट दवाखान्यात. श्वास मोजायची रीत सोपी आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघून मोजा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याला पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्याला चाळीस किंवा जास्त श्वास येत असतील तर न्यूमोनियाची शंका धरायची.

आणि सिकलसेल. आपल्या जिल्ह्यात हा आजार घराघरांत ठाऊक आहे, आदिवासी बांधवांत जास्त, आपल्या वस्त्यांतही आहे. सिकलसेलच्या काही मुलांना लहानपणीच मेंदूत रक्त अडकून लकवा मारतो आणि म्हणून ती फिजिओकडे येतात. अशा मुलाला १०१ च्या वर ताप आला तर ती घरी बसून वाट बघायची गोष्ट नाही. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा की सिकलसेल आहे. तपासणीचं कार्ड सोबत ठेवा. १०८ ला फोन करा. डोंगरातल्यांनी तर आणखी आधी निघायला हवं. २०२१ च्या पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या नवऱ्याला वेळेत दवाखाना गाठता आला नाही आणि ती वाटेतच गेली. धडगावकडच्या माणसाला "थोडं थांबून बघू" परवडत नाही.

मग साध्या सर्दीचं काय? इथे आमच्यात वाद झाला. गुरुजींचं म्हणणं, शिंक आली तरी घरी ठेवावं, करोनाने काहीच शिकवलं नाही का. दोन्ही आयांनी त्यांना गप्प केलं. आपल्या वस्तीतल्या मुलांचं नाक आषाढापासून माघापर्यंत वाहतं. प्रत्येक शेंबडाला घरी ठेवलं तर थेरपी होईल कधी? पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू जेवढं शिकतो तेवढं नंतर शिकत नाही. लॉकडाऊनमध्ये केंद्रं बंद होती तेव्हा चालायला टेकलेली मुलं पुन्हा रांगायला लागलेली, टाचा वर उचललेल्या, गुडघे वाकलेले, हे आम्ही आमच्याच गल्लीत पाहिलं. तेव्हा ताप नाही, खातंय, खेळतंय, श्वास बरा आहे, फक्त नाक वाहतंय, तर न्या. आईने मास्क लावावा, रुमाल वेगळा ठेवावा, आणि पोहोचल्यावर मॅडमना आधी सांगावं म्हणजे त्या शेवटी घेतील. सीपीच्या मुलाची लाळ कायमच गळते, काहींना जेवणानंतर कायमचा खोकला असतो. तो आजार नव्हे. केंद्राने तो मुलाच्या फायलीवर एकदा लिहून ठेवावा, म्हणजे दर खेपेला दारात उलटतपासणी नको.

उवा हे परत पाठवायचं कारण नाही. हे मुद्दाम वेगळं लिहितोय. आमच्यातल्या दुसऱ्या आईला, स्पीचच्या मुलीच्या, काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी दारातूनच परत पाठवलं. मुलीच्या डोक्यात उवा आहेत, आधी स्वच्छ करून आणा, बाकीच्या पालकांची तक्रार येते. त्याच सकाळी एका मोटारीतून आलेल्या घरचा मुलगा ढास लागल्यासारखा खोकत आत बसला होता, त्याला कुणी काही विचारलं नाही. ती ताई म्हणते, "उवा त्यांना दिसल्या की माझी साडी दिसली, ते मला आजवर कळलं नाही." आम्हाला कळलं आहे, आणि वाचकांनाही कळलं असेल. आजारपणाचा नियम लिहिलेला नसला की तो दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मर्जीवर चालतो, आणि मर्जी कुणाला आत घेते, कुणाला बाहेर ठेवते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. म्हणून नियम कागदावर हवा. कोणत्या आजाराला किती दिवस, ते मराठीत, मोठ्या अक्षरांत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना अहिराणीत, भिलीत, पावरीत बोलून. आणि तोच कागद केंद्रातल्या लोकांनाही लागू. खोकणारे थेरपिस्ट दिवसाला दहा मुलं हाताळतात. त्यांना आजारपणात सुट्टी घ्यायची भीती वाटत असेल तर तेही त्या आईसारखंच सायरप पिऊन येणार.

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो, नाव न कापण्याच्या.

केंद्रवाल्यांची अडचण आम्हाला कळते. थेरपिस्ट कमी, मुलं ढीगभर. एक जण न कळवता गैरहजर राहिला की ती वेळ फुकट जाते आणि यादीत थांबलेलं दुसरं मूल मुकतं. म्हणून तीन खेपांचा नियम आला असणार. पण न कळवता बुडवणं आणि आजारपणामुळे कळवून बुडवणं यात फरक करायला काय लागतं? एक फोन नंबर लागतो, सकाळी सात वाजता उचलला जाणारा, आणि एक वही. फोन आला, वहीत लिहिलं, ती खेप बुडालेल्यांत धरली नाही, आणि मोकळ्या वेळेत जवळपास राहणाऱ्या मुलाला बोलावलं. नवापुरात २००६ च्या फेब्रुवारीत कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचं कळलं, देशातला तो पहिला, तेव्हा एकही कोंबडी गावाबाहेर जाणार नाही याची व्यवस्था तातडीने उभी राहिली. कोंबड्यांसाठी यंत्रणा उठते, माणसांच्या पोरांसाठी एक फोन उचलायला माणूस मिळू नये?

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत, शाळेत तपासणी करायची आणि ज्याला गरज आहे त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी त्याची रचना. जे मूल तिथवर पोहोचतं त्यामागे अंगणवाडी ताईची नजर, तपासणी पथकाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, आईच्या पाच-सहा फेऱ्या असतात. एवढं करून मिळालेली जागा कांजिण्यांमुळे जावी? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं मानली आहेत, त्यात सीपी आहे, स्वमग्नता आहे, सिकलसेलही आहे. त्या कायद्याखाली या लेकरांना मिळणारी सेवा हा उपकार नाही, हक्क आहे. हक्काच्या रांगेतून आजारी माणसाला बाहेर काढत नाहीत.

पैशाचंही बोलायला हवं, कारण खरी कळ तिथेच आहे. बाहेरच्याला वाटतं, एसटीचा खर्च जड जातो. तो तेवढा नाही. दिव्यांगाला एसटीत पंचाहत्तर टक्के सवलत आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. जड जाते ती मजुरी. २०२४-२५ साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. थेरपीच्या आठवड्यात दोन दिवस तशीच जातात. लेकरू आजारी पडलं की आणखी चार. त्यात केंद्र म्हणतं, बुडालेली खेप भरून काढायला पुढच्या आठवड्यात तिसरा दिवस या. कुठून यायचं? १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा प्रश्न हाच होता, मुलाच्या जन्माचा भार एकट्या आईच्या मजुरीतून वसूल करायचा का. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. तो गिरण्यांतल्या बायकांसाठी होता. शेतात निंदायला जाणाऱ्या, लेकरू आजारी म्हणून घरी थांबलेल्या बाईची रजा अजून कुणाच्या वहीत नाही.

बापांनाही एक विचारायचं आहे. या सगळ्या लिखाणात आई, आई असंच आलं आणि लिहिताना ते आम्हालाही खटकलं. पण आम्ही गेली दोन वर्षं थेरपीच्या बाकड्यांवर बसणाऱ्यांकडे बघतोय. बाप क्वचित दिसतात. दिसले तर मोटारसायकलवरून सोडून जाताना. आजारी लेकराजवळ एक दिवस बाप थांबला तर आईची मजुरी वाचते, इतका सरळ हिशेब आहे.

थेरपी बुडालेल्या दिवसांत घरी काय करायचं, हे केंद्राने पहिल्याच महिन्यात शिकवून ठेवायला हवं. आमच्या त्या आईला कुणी शिकवलं नव्हतं, तिने विचारून विचारून मिळवलं. ताप असताना ताण देणं, उभं करणं बंद. पण एकाच कुशीवर दिवसभर पडू द्यायचं नाही, दर दोन तासांनी कूस बदलायची. पायांच्या मध्ये घडी घातलेली गोधडी ठेवायची म्हणजे मांड्या एकमेकींना चिकटत नाहीत. पाजताना-भरवताना मान मागे पाडायची नाही, डोकं उचलून बसतं करूनच पाजायचं, घाई करायची नाही. ताप गेल्यावर दोन दिवस हलका व्यायाम, मग नेहमीचा. बोलायची थेरपी असेल तर आजारपणातही गाणी, नावं, गोष्टी चालूच ठेवता येतात, त्याला खोली लागत नाही. आजार लांबला, महिना-दीड महिना गेला, तर केंद्राने फोन करून चौकशी करावी, आणि फार गंभीर दिव्यांगत्व असेल तर शाळेच्या यादीत गृहाधारित शिक्षणाची सोय आहे का ते गुरुजींकडून विचारून घ्यावं. समग्र शिक्षामध्ये ती सोय आहे, पण मागितल्याशिवाय ती तुमच्या दारी येत नाही. आमच्या गुरुजींनी हे स्वतःच कबूल केलं.

केंद्रं जवळ आली तर यातलं निम्मं आपोआप सुटेल. अक्कलकुवा, धडगावच्या लेकराने नंदुरबारला यायचं आणि दुपारी परत डोंगर चढायचा, त्यात बरं मूलही आजारी पडतं. थेरपिस्टनी आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या रुग्णालयात बसावं, ही मागणी आम्ही आरोग्य विभागाकडे लेखी देणार आहोत. सह्या गोळा करतोय. आपल्या समाजाच्याच नव्हे, भिल्ल, पावरा, कोकणी, मावची, सगळ्यांच्या लेकरांसाठीची ती मागणी आहे. बाकड्यावर आम्ही सगळे शेजारीच बसतो.

कांजिण्यांच्या मुलाच्या आईने त्या फिट्सवाल्या मुलीच्या घरी जाऊन यायचं ठरवलं, तेव्हा आमच्यातले दोघे सोबत गेलो. मुलीची आई दार उघडून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझी पण दोन खेपा चुकल्या होत्या, ताई. मी पण नेलंच असतं." दवाखान्यातून आल्यावर मुलीचं नाव यादीत आहे की नाही, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. तिला फोन नंबर हवा होता. आमच्याकडेही तो नव्हता.